खाऱ्या वाऱ्याचं प्री-वेडिंग

डिसेंबरात काशीदच्या किनाऱ्यावर जोडप्यांपेक्षा कॅमेरे जास्त. नवरीच्या मेकअपवर ऊन येऊ नये म्हणून छत्री धरायला एक माणूस, नवऱ्याचे बूट हातात घेऊन फिरायला दुसरा. दीड लाखाचा कॅमेरा मात्र वाळूवर, बॅगेची चेन उघडी. त्याच्या बाजूने वऱ्हाडात कोणीच नसतं.

मग लेन्स बदलायची वेळ येते. ती गाडीत बसून बदलावी, निदान वाऱ्याकडे पाठ करून? छे! थेट समुद्राकडे तोंड करून, सेन्सरला हवापालट. काचेवर तुषार उडाले की शर्टाचं टोक आहेच. वाळूत क्वार्ट्झ असतं आणि ते काचेहून कठीण, म्हणजे हे पुसणं नव्हे, पॉलिश पेपर मारणं झालं. आधी ब्लोअरने कण उडवायचे, मग गोड्या पाण्याने जेमतेम ओलावलेल्या मऊ फडक्याने मीठ टिपायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ब्लोअर घरी, कपाटात सुखरूप असतो.

फोनवाले तर निर्धास्त. पाण्यात टिकण्याचं आयपी ६८ रेटिंग आहे ना! पण त्याची चाचणी गोड्या पाण्यात होते. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ, हे फोनला चार्जिंगच्या भोकातून कळतं. मग फोन तांदळाच्या डब्यात. तांदूळ मीठ काढत नाहीत, पण काहीतरी केल्याचं समाधान मिळतं.

हॉटेलातली फुकटची शॉवर कॅप कॅमेऱ्यावर चढवली तरी बरेच तुषार अडतात. पण तशा कॅमेऱ्यामागे उभा माणूस भारी दिसत नाही, आणि पॅकेजमध्ये निम्मे पैसे त्या दिसण्याचेच लावलेले असतात.