किती देते?

मुलुंड पूर्वेला राहणाऱ्या माणसाला गाडी कशाला हवी, असं आमचे गावाकडचे नातेवाईक विचारतात. प्रश्न रास्त आहे. स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर, भाजीवाला गेटवर, डॉक्टर खालच्या मजल्यावर आणि ऑफिसला जायला लोकल. तरी आमच्या सोसायटीत बिऱ्हाडांपेक्षा गाड्या जास्त आहेत. उपनगरात गाडी मुख्यतः बोलायला लागते. चालणं हा तिचा जोडधंदा.

हे बोलणं दर रविवारी सकाळी, पोहे झाल्यावर आणि मटणाच्या रांगेत उभं राहण्याआधी, गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर चालतं. मंडळी ठरलेली. फियाटवाले काका बँकेतून निवृत्त झाले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सीएनजीवाले शेठ मूळचे घाटकोपरचे. त्यांच्या डिकीत सिलिंडर असल्यामुळे ते नाशिकला जातात तेव्हा बॅगा बायकोच्या मांडीवर असतात. डिझेलभाऊ हे नाव पुरेसं बोलकं आहे. आणि एक इलेक्ट्रिकवाला, आयटीतला तरुण. गाडी समोर दहा पावलांवर उभी असते, तरी तिची बॅटरी किती टक्के आहे हे तो मोबाइलमध्ये बघत असतो. माझी गाडी पांढरी, छोटी, पेट्रोलवर चालणारी. तिच्याविषयी कोणाचंच काही मत नाही. हे मला थोडं लागतं.

सभेची सुरुवात एकाच प्रश्नाने होते: "किती देते?" पगार विचारला तर माणूस आखडतो, ॲव्हरेज विचारलं की खुलतो. खरेपणा दोन्ही उत्तरांत सारखाच. शेठ सांगतात, "हायवेला तीस." आता हा हायवे कोणता, हे खोदून विचारावं लागतं. तेव्हा कळतं की चेकनाक्यापासून माजिवड्यापर्यंत, पहाटे, एसी बंद, खिडक्या बंद आणि बायको माहेरी. डिझेलभाऊ ताबडतोब आपला आकडा दोनने वाढवतात. इलेक्ट्रिकवाला म्हणतो, "मला किलोमीटरला एक रुपया पडतो," आणि सभेत शांतता पसरते. मग काका विचारतात, "पण चार्जिंगला जागा मिळाली का सोसायटीत?" तो गप्प होतो. त्याचा अर्ज मॅनेजिंग कमिटीपुढे आहे. आमच्या कमिटीने पाण्याच्या टाकीचं झाकण बदलायला किती सभा घेतल्या, ते त्याला माहीत आहे.

अलीकडे या चर्चेला इथेनॉलने नवा जोम दिला. २०२५ मध्ये देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरतं, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी भागांना ते फारसं मानवत नाही, एवढी यातली खरी गोष्ट. टपरीवर मात्र इथेनॉलमुळे सगळंच होतं. गाडी सकाळी उशिरा सुरू होते ते इथेनॉलमुळे, एसी कमी थंड करतो तो इथेनॉलमुळे, आणि शेठच्या गुडघ्यांचाही विषय एकदा त्याच ओघात निघाला होता. यावर सर्वांत पोटतिडकीने बोलतात डिझेलभाऊ, ज्यांच्या टाकीत पेट्रोलचा थेंब कधी गेलेला नाही. काकांचं म्हणणं थोडक्यात असतं: "आमच्या वेळी उसाचा रस माणसं प्यायची."

काकांची फियाट हा स्वतंत्र अध्याय आहे. उपनगरातल्या माणसाला फियाटचा अभिमान वाटण्याचं कारणही आहे, कारण ती परक्या नावाची असली तरी इथलीच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागल्या. पन्नाशीच्या दशकातल्या गोलमटोल फियाटला लोक लाडाने 'डुक्कर फियाट' म्हणत. सत्तरच्या दशकात गाडीचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं, तरी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. कुर्ल्यात प्रीमियर रोड अजून आहे. काका रिक्षाने तिथून जातात तेव्हा रिक्षावाल्याला इतिहास सांगतात. रिक्षावाला मीटरकडे बघत ऐकतो.

काकांच्या मते माणसाचा ऱ्हास गिअर स्टीअरिंगवरून खाली आला तेव्हा सुरू झाला. फियाटला गिअरचा दांडा स्टीअरिंगलाच असे, त्यामुळे पुढे एकच अखंड सीट. तिच्यावर नवरा, बायको आणि मधे मूल असं कुटुंब मावायचं. मागच्या सीटवर आई, वडील, आत्या आणि लाडवांचा डबा. "बकेट सीट आल्या आणि एकत्र कुटुंब मोडलं," हा काकांचा सिद्धान्त. समाजशास्त्राच्या कुठल्या पुस्तकात तो नसला तरी टपरीवर अजून कोणाला खोडता आलेला नाही. पॉवर स्टीअरिंग नसल्यामुळे मनगटात ताकद होती, ताकद असल्यामुळे स्वभावात ठामपणा होता, आणि ठामपणा असल्यामुळे मुलं वडिलांचं ऐकत. बुकिंग केल्यावर गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे, ही गोष्टसुद्धा काका गुण म्हणूनच सांगतात. संयम शिकायला मिळायचा म्हणे.

पद्मिनी टॅक्सींतली शेवटची २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या दिवशी काकांनी चहा बिनसाखरेचा घेतला. डॉक्टरांना इतक्या वर्षांत जे जमलं नव्हतं ते परिवहन खात्याने केलं. त्यांची स्वतःची फियाट कुठे आहे, हे मात्र विचारू नये. ती त्यांनी नव्वदच्या दशकातच विकली आणि मारुती ८०० घेतली. का, असं विचारलं की काका चहावाल्याला हाक मारतात. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुतीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली, त्यानंतर देशातल्या पुष्कळ फियाटप्रेमींनी असाच मुकाट्याने विषय बदलला आहे.

नंबरप्लेटवरून आमच्यात जी जातपात चालते, ती मात्र कोणी मान्य करत नाही. अंधेरीची एमएच-०२ स्वतःला फिल्मी समजते. बोरिवलीला एमएच-४७ मिळाल्यापासून बोरिवलीकर स्वतंत्र राज्य मिळाल्यासारखे चालवतात. आम्ही मुलुंड-घाटकोपरवाले वडाळ्याचे, एमएच-०३. आणि समोरून एमएच-०४ आली की टपरीवरचा प्रत्येकजण म्हणतो, "ठाण्याची आहे, जाऊ दे." ठाण्याचे लोक आमच्याविषयी नेमकं हेच म्हणतात, असं माझ्या मेहुण्याकडून कळलं.

ठाण्यावरून टोलचं दुःख आठवतं. मुंबईच्या वेशीवरचे पाच टोलनाके पंचावन्न उड्डाणपुलांच्या खर्चासाठी बसवले होते. त्यातले दोन आमच्या दाराशी, एक पूर्व द्रुतगती महामार्गावर आणि एक एलबीएस मार्गावर. हरिओम नगर मुलुंडातच, पण नाक्याच्या पलीकडे. तिथल्या माणसाला स्वतःच्याच मुलुंडात यायचं तर टोल आडवा यायचा. ही झाली वर्तमानपत्रात आलेली बाजू. न आलेली बाजू अशी की त्या टोलनाक्याने मुलुंडकरांची नाती टिकवून धरली होती. ठाण्याच्या आत्याकडे बारसं, सत्यनारायण, वास्तुशांत, काहीही असो, "अगं, यायचंच होतं, पण येता-जाता टोल, आणि नाक्यावर ती रांग!" एवढ्यावर भागायचं. आत्याही मनातून सुखावायची, कारण तिलाही आमच्याकडे यायचं नसायचं. गाडीला पंचेचाळीस रुपये, आणि त्यात दोन्ही घरची शांतता. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री सरकारने हलक्या वाहनांना टोल माफ केला आणि टपरीवर पेढे वाटले गेले. दिवाळीत आत्या सहकुटुंब जेवायला आली. तेव्हापासून डिझेलभाऊ सरकारवर नाराज आहेत.

अंधेरीकरांचं दुःख वेगळ्या जातीचं. माझा साडू अंधेरी पश्चिमेला राहतो. गोखले पूल हा त्याच्या आयुष्यातला मुख्य विषय. जुलै २०१८ मध्ये त्या पुलाचा भाग रुळांवर कोसळला, नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल पूर्ण बंद झाला, आणि २६ फेब्रुवारी २०२४ ला नव्या पुलाची एक बाजू खुली झाली. तेव्हा लक्षात आलं की शेजारचा बर्फीवाला पूल त्याला जोडायचा होता, पण दोघांच्या उंचीत दीड-दोन मीटरचा फरक पडलाय. साडूने तो फोटो आम्हाला पाठवला. काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. पुढे बर्फीवाला पूल जॅक लावून उचलला आणि जोडला. पंक्चर काढताना जॅक घसरला म्हणून इलेक्ट्रिकवाल्याला आम्ही वर्षभर हसत होतो, ते त्या दिवसापासून बंद केलं. पूल उचलणाऱ्या शहरात राहतोय, कोणाला हसणार?

एवढं सगळं बोलून झाल्यावर गाड्यांची खरी माहिती कोणाला आहे, तर ती गाड्या पुसणाऱ्याला. साताऱ्याकडचा आहे. आमच्या आवारात गाड्या एकामागे एक लागतात, त्यामुळे मागची काढायची तर पुढची हलवावी लागते, आणि म्हणून सगळ्यांच्या किल्ल्या त्याच्या खिळ्यावर. आमच्यापैकी कोणी स्वतःच्या गाडीत बसतो त्याहून जास्त वेळा तो बसतो. डिझेलभाऊ एकदा त्यांच्या गाडीचा पिकअप वाखाणत होते. हा बादली खाली ठेवून म्हणाला, "साहेब, तुमचा क्लच गेलाय." "कशावरून?" "रोज मीच हलवतो ना." भाऊंनी गॅरेजला नेली. क्लच गेला होता. दसऱ्याला झेंडूचे हार आम्ही घालतो, चाकाखाली लिंबू तोच ठेवतो. आणि ज्यांच्या गाड्या महिनोन् महिने न हलल्यामुळे बॅटरी उतरलेल्या असतात, त्यांच्या गाड्या ढकलून लिंबावरून नेतो तोही तोच. तो स्वतः सायकलने येतो. सायकलचं ॲव्हरेज त्याला कोणी विचारत नाही.

आणि दुसरी जाणकार व्यक्ती आमच्या घरातच आहे. वर मी ज्या पांढऱ्या गाडीला 'माझी' म्हटलं, ती रोज ही चालवते. हिचं ऑफिस सीप्झला. मुलुंडहून विक्रोळीपर्यंत हायवे, मग जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, पवईला आयआयटीसमोरची कोंडी, वर मेट्रोचं काम, खाली खड्डे, डाव्या बाजूने रिक्षा आणि उजव्या बाजूनेही रिक्षा. या रिक्षा वांद्रे आणि शीवच्या पलीकडे जाऊ शकत नाहीत. दक्षिण मुंबईचा ड्रायव्हर आणि आमचा ड्रायव्हर यांच्या रक्तदाबात जो फरक असतो, तो एवढ्यामुळेच. ही परत येते तेव्हा बातम्या संपलेल्या असतात. गाडीवर एक ओरखडा नाही. रविवारी मी तिला टपरीवर बोलावलं. म्हटलं, मंडळींना तुझं मत ऐकायचंय. ती म्हणाली, "अहो, गाडी आहे. चालते. ब्रेक लागतात. यावर दोन तास काय बोलायचं?" आणि झोपली. रविवार हा तिचा गाडीला हात न लावण्याचा वार आहे.

मी हे मंडळींना सांगितलं नाही. विषय तोवर गोरेगाव-मुलुंड लिंक रोडवर गेला होता. साधारण सव्वाबारा किलोमीटरचा रस्ता, त्यात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून जुळे बोगदे. काम अजून चालू आहे, पण कोणत्या लेनमधून जायचं हे टपरीवर ठरलं आहे. शेठना बोगद्यात सीएनजी चालेल का याची काळजी. काकांना बिबट्याची. इलेक्ट्रिकवाल्याने आत नेटवर्क नसेल तर बॅटरी मोबाइलवर दिसणार नाही, हा मुद्दा मांडला. डिझेलभाऊ म्हणाले, बोगदा झाला की आपण सगळे मिळून पहिल्याच रविवारी गोरेगावला चहा प्यायला जाऊ. कोणाच्या गाडीतून जायचं यावर मात्र एकमत झालं नाही. शेवटी रिक्षाने जायचं ठरलं.

तुम्हालाही गाडीत रस असेल तर रविवारी सकाळी मुलुंड पूर्वेला जरूर या. चहा चांगला असतो, मतं भरपूर आहेत, नवा माणूस आला की काका फियाट पहिल्यापासून सांगतात. फक्त गाडी आणू नका. लावायला जागा नाही.