थोरली पाती, धाकटी पाती

वाटणी कशी करावी, हे देवासला शिकवायला नको. संस्थानी काळात शेजारी धारला पवारांची गादी एकच होती. देवासला मात्र थोरली पाती आणि धाकटी पाती होत्या. एका गावात दोन महाराज, दोन दरबार! स्पीकरसाठी आवाजाची वाटणी करणारा डिजिटल क्रॉसओव्हर हेच करतो: खर्ज वूफरच्या दरबारात, तार ट्वीटरच्या. मग हौशी कानांना सीमेवरची कुरबुर ऐकू येते. क्रॉसओव्हरचं झाकण उघडतं, सोल्डरचा धूर निघतो, ऑप-अँप बदलतात, कपॅसिटर बदलतात. वॉरंटी तेवढी कायमची जाते. सेकंदाला 96 हजार नमुने घेणारं यंत्र आता म्हणे 'खुलून' वाजतं. मोजून पाहिलंत? छे, कान आहेत की!

आणि वाजवायचं काय? 1948 साली क्षयाने आजारी होऊन देवासला आलेल्या, पुढे एका फुप्फुसाच्या बळावर गायलेल्या कुमार गंधर्वांचं जुनं मोनो ध्वनिमुद्रण. त्यांना एक फुप्फुस पुरलं. आम्हाला दोन स्पीकर, चार अँप्लिफायर पुरत नाहीत.

तेव्हा सोल्डरगन तापवण्याआधी स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढून बघा. फरक जास्त पडतो, आणि पैसे पडत नाहीत.