दहापैकी चार

मराठी माणसाचं 'बरं, निघतो आता' हे वाक्य निघायच्या किमान अर्धा तास आधी म्हणायचं असतं. एकदा बसून, एकदा उभं राहून, एकदा दाराशी आणि शेवटचं गाडीच्या काचेतून. आमच्या डेट्रॉइटच्या उपनगरांत त्यात जाड कोट, कानटोपी, हातमोजे आणि बुटांच्या नाड्यांची भर पडते. एक बूट पायात जातो, तेवढ्यात 'अरे हो, ते सांगायचंच राहिलं' असं होतं आणि दुसरा बूट हातात धरून माणसं पंधरा मिनिटं उभी राहतात. दार सताड उघडं, घरातली ऊब रस्त्यावर.

नाना 'निघतो' म्हणतात तेव्हा ते निघालेले असतात. यजमानीणबाई 'अहो, डबा तरी' म्हणेपर्यंत बाहेर गाडी सुरू झालेली असते. काकू मात्र आतच. पूर्वी त्यांना घरी पोचवायची पाळी आमच्यापैकी कोणावर तरी येई. आता त्यांची वेगळी गाडी आहे, तिच्याकडे मी नंतर येतो.

"हे जे तुमचं दारात चालतं ना," नानांनी मला एकदा सांगितलं होतं, "त्याला आमच्यात स्लिप म्हणतात. पहिला गिअर सोडलाय, दुसरा अजून धरलेला नाही. मधल्या मध्ये क्लच घासत बसलाय. गिअरबॉक्स धावताना फारसा झिजत नाही रे. झिजतो तो या दारात."

'आमच्यात' म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाल्यांत. नाना एका मोठ्या मोटार कंपनीत 26 वर्षं शिफ्ट कॅलिब्रेशन करत होते. गिअर बदलला हे गाडीतल्या माणसाला कळू नये, याची तजवीज करणं हे त्यांचं काम. मांडीवर लॅपटॉप घेऊन टेस्ट ट्रॅकवर चकरा मारायच्या आणि प्रत्येक शिफ्टला दहापैकी मार्क द्यायचे. दहा म्हणजे काही कळलंच नाही. मान हलली की सात, कपातली कॉफी हलली की सहा. पाचाच्या खाली गेलं तर गिऱ्हाईक गाडी परत घेऊन येणार.

ही खोड घरी आली. नाना उपम्याला मार्क देतात, पाहुण्यांच्या जावयाला देतात, माझ्या मुलीच्या अरंगेत्रमला त्यांनी मध्यंतरातच साडेसात देऊन टाकले होते. काकूंच्या पुरणपोळीला आठ, फार तर साडेआठ. दहा कधीच नाही. दहा म्हणजे पोळी खाल्ल्याचं कळलंच नाही, असं ते म्हणतात. हे कौतुक समजावं की काय, हे काकूंना 40 वर्षांत ठरवता आलेलं नाही.

तर हा माणूस निवृत्त झाला आणि तिसऱ्याच आठवड्यात त्याने 1996 ची शेव्हर्ले इम्पाला एसएस घेतली. जांभळट लाल रंगाची, जवळजवळ 18 फूट लांब, पुढे 5.7 लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, 260 हॉर्सपॉवर. आत अख्खं केळवण बसेल एवढी जागा. मागे गिअरबॉक्स 4 एल 60-ई, चार गिअरचा. काकूंना वाटलं, आता आम्ही नायगाऱ्याला जाणार. नाना गाडीखाली गेले.

"26 वर्षं सगळं मऊ करून ठेवलं," ते म्हणाले. "आता मला कळलं पाहिजे."

याचं मूळ सांगलीत आहे. नाना लहानपणी एसटीत ड्रायव्हरच्या शेजारी, बॉनेटजवळ बसायला मिळावं म्हणून स्टँडवर तासभर आधी जात. समोर त्यांच्याच उंचीचा, थरथरणारा गिअरचा दांडा. ड्रायव्हर क्लच दोनदा दाबून, खांद्यापासून जोर लावून दांडा पुढे ढकलायचा. खाड् आवाज व्हायचा आणि सगळ्या बसला, मागच्या बाकावरच्या कोंबडीसकट, कळायचं की दुसरा पडला. 1948 साली जगात दोन गोष्टी झाल्या, असं नाना सांगतात (बाकीचं 1948 त्यांच्या हिशेबात धरलेलं नाही): 1 जूनला पुणे-नगर पहिली एसटी सुटली, आणि इकडे ब्युइकने डायनाफ्लो काढला. डायनाफ्लोत गिअर आपोआप बदलायचेच नाहीत. सगळा भार तेलात फिरणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरवर. झटका नाही, पण इंजिन ओरडतंय आणि गाडी विचार करतेय. "एक देश दांडा हाणत होता, दुसरा लोण्यावरून घसरत होता, आणि नशीब बघ, मी नोकरी केली दुसऱ्यात." मी एकदा म्हणून पाहिलं, ऑटोमॅटिक हा प्रकारच आरामासाठी आहे ना? त्यावर मला हायड्रामॅटिकचा इतिहास ऐकावा लागला: 1940 च्या ओल्डस्मोबिलमध्ये पहिल्यांदा आला आणि लगेच युद्धात एम-5 स्ट्युअर्ट रणगाड्यात गेला, एका रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिनं आणि दोन हायड्रामॅटिक. "रणगाड्यात बसलेले काय कॉफी पीत होते?"

हे सगळं माझ्या पदरात पडायचं कारण एवढंच की मी समोर राहतो आणि मला टॉर्च धरता येतो. मी बँकेची सॉफ्टवेअरं लिहितो. मला गाडीतलं पेट्रोलचं झाकण कोणत्या बाजूला आहे एवढं कळतं, तेही काट्याशेजारचा बाण बघून.

गिअरबॉक्स मऊ कसा होतो, हे मला नानांमुळे कळलं. गिअर बदलायचा म्हणजे तेलाच्या दाबाने एक क्लच किंवा पट्टा आवळायचा. ते तेल पोलादी पत्र्याच्या बारीक भोकांतून जातं. भोक जितकं बारीक, तितकं तेल हळू, तितका क्लच आळसावलेला. शिवाय वाटेत एक अ‍ॅक्युम्युलेटर बसवलेला असतो: एक दट्ट्या, मागे स्प्रिंग. क्लचकडे धावणारं थोडं तेल तो स्वतःकडे वळवून घेतो, म्हणजे एकदम दाब चढत नाही. "लग्नाच्या बैठकीत एक मामा असतो बघ," नाना म्हणाले. "दोन्हीकडचे हो म्हणायला निघालेत, आणि हा म्हणतो, घाई कशाला, आधी चहा घेऊ. तो अ‍ॅक्युम्युलेटर." या मामामुळे झटका बसत नाही, हे खरं. पण तेवढा वेळ क्लच घासतो, तापतो. या गिअरबॉक्सचा तिसऱ्या-चौथ्याचा क्लच तर मुळातच नाजूक म्हणून प्रसिद्ध. हजारो मामा नानांनी स्वतः नेमले होते. आता प्रायश्चित्त.

प्रायश्चित्ताला शिफ्ट किट म्हणतात. हे नाव मुळात कॅलिफोर्नियाच्या ट्रान्सगो कंपनीचं, गिल यंगर नावाच्या गृहस्थांनी रूढ केलेलं. आता कोणाचंही किट असलं तरी लोक तेच म्हणतात. एवढ्याशा पुडक्यात कडक स्प्रिंगा, एक-दोन व्हॉल्व्ह, आणि पत्र्यातली भोकं मोठी करायचा हिशेब. त्यात नानांनी वेगळा मागवलेला कॉर्वेटचा सर्वो: मुठीत मावेल असा अ‍ॅल्युमिनियमचा दट्ट्या, मूळच्यापेक्षा रुंद, त्यामुळे दुसऱ्या गिअरचा पट्टा जास्त जोराने आवळतो. दुसऱ्या गिअरवर एवढा राग का? कारण इथे पहिल्याचं गुणोत्तर 3.06 आणि दुसऱ्याचं 1.63. इंजिनाचे फेरे एका दमात जवळजवळ निम्मे व्हायला हवेत. जिना उतरताना एक पायरी गाळल्यासारखं. नोकरीत याच एका उडीवर नानांनी केस पिकवले.

भोक मोठं करता येतं, परत लहान करता येत नाही. म्हणून नानांनी तीन आठवडे एक्सेल केलं. कोणत्या भोकाला किती थाउजंडथ, कोणत्या दाबाला किती मिलिसेकंद. हाच हिशेब लॅपटॉप लावून, गाडीखाली न जाता बदलता आला असता, असं मी भीत भीत सुचवलं. "त्यात हात कुठे लाल होतात?" ते म्हणाले.

हात लाल झाले. जुलैतल्या एका शनिवारी गाडी चार स्टँडांवर चढली. या गिअरबॉक्सच्या तळाला तेल सोडायचा बूच नसतो. एका बाजूचे बोल्ट ठेवून दुसऱ्या बाजूचे हळूहळू सैल करायचे, म्हणजे पॅन कलतं आणि तेल धारेने उतरतं. हे नानांनी मला चित्र काढून समजावलं होतं. पण 26 वर्षं प्रत्यक्ष पाना टेक्निशियनच्या हातात असे आणि नानांच्या हातात लॅपटॉप. शेवटचा बोल्ट निघाला आणि चार-पाच क्वार्ट लालभडक तेलाने नानांना दिवाळीच्या आत अभ्यंगस्नान घातलं. काकूंनी दारातून पाहिलं आणि उटणं आणू का, एवढंच विचारलं.

मग व्हॉल्व्ह बॉडी खाली आली. ही एक अ‍ॅल्युमिनियमची भूलभुलैया, आत वळणावळणाच्या नळ्या, आणि ठरावीक कोपऱ्यांत पाव इंचाचे छर्रे. एक छर्रा चुकला तर गाडी रिव्हर्स जाणार नाही किंवा भलत्याच वेळी भलतंच करेल. हे सगळं ठेवायला नानांनी काकूंचा जुना मिसळणाचा डबा पळवला. मोहरीच्या वाटीत छर्रे, हळदीच्या वाटीत स्प्रिंगा, हिंगाच्या डबीत सर्वोची रिंग. परत चढवताना पंचाईत अशी की व्हॉल्व्ह बॉडी खालून वर लावायची, आणि छर्रे वरून खाली पडतात. त्यावर जगभर एकच उपाय: व्हॅसलीन. प्रत्येक छर्रा व्हॅसलीनच्या थेंबात चिकटवायचा, नंतर ते तेलात विरघळून जातं. मिशिगनच्या हिवाळ्यामुळे कोणत्याही मराठी घरात व्हॅसलीनचा मोठा डबा असतोच. अडचण वेगळीच आली. शेवटी मोहरीच्या वाटीत एक छर्रा शिल्लक राहिला.

नानांनी सगळं परत उतरवलं. छर्रे मोजले. बरोबर. परत चढवलं. वाटीत परत एक. काकूंनी तो उचलला, चिमटीत दाबला, तोंडात टाकला. मिरीचा दाणा होता.

दिवसाभराचं काम दोन शनिवार-रविवार चाललं. पहिली फेरी माझ्यासोबत. हळू पाय दिला तर गाडी बरीचशी पूर्वीसारखीच वागली, कारण पाय जितका खाली तितका तेलाचा दाब जास्त. मग मोकळा रस्ता आला, नानांनी पाय पूर्ण दाबला, इंजिनाने आवाज चढवला आणि खट्. माझी मान मागे टेकली. नाना बोलले नाहीत. ते तेव्हा मिशिगनमध्ये नव्हतेच, बॉनेटजवळ बसले होते.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, 1995 पासून. हजारो जुन्या गाड्या, फुटपाथवर खुर्च्या टाकून बसलेलं गाव. नाना आपला दुसरा गिअर लोकांना ऐकवायला गेले. गर्दी इतकी की चार तासांत गाडी पहिल्यातून बाहेरच आली नाही.

मग गणपती आले. देवळातल्या प्रसादाला काकूंकडे अळूचं फदफदं होतं. पातेलं टॉवेलात गुंडाळून मांडीवर, अंगावर इरकल. मी मागे मोदकांचे डबे सांभाळत. अ‍ॅडम्स रोडवर सिग्नल हिरवा झाला, शेजारच्या लेनमधल्या एका पोराने मस्टँगचं इंजिन घुमवलं. नानांचा पाय काय झाला ते त्यांनाही कळलं नसेल. खट्. फदफदं पुढच्या काचेवर, इरकलीवर आणि रेडिओच्या बटणांत. एक शेंगदाणा नानांच्या चष्म्यावर.

काकूंनी पदर झटकला. समोर बघत, कमालीच्या शांतपणे त्या म्हणाल्या, "चार."

नानांनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं, माफी मागतील. त्यांचा चेहरा उजळला होता. "चार? नक्की? साडेचार नाही ना?" ते माझ्याकडे वळले. "ऐकलंस? 26 वर्षांत मी कधी सातच्या खाली गेलो नव्हतो!"

पुढच्या आठवड्यात काकूंनी हायब्रिड घेतली. तिच्यात गिअर बदलणं हा प्रकारच नाही. सुटते ती तूप वितळल्यासारखी. नाना तिला अळणी म्हणतात, तिच्यात बसत नाहीत, आणि मार्क विचारले तर "दहा" म्हणून तोंड फिरवतात.

दिवाळीचा फराळ आमच्याकडे होता, ऑक्टोबरच्या शेवटी. रस्त्यावर मीठ पडायच्या आत इम्पालाची ही शेवटची फेरी. दोघं दोन गाड्यांतून आली होती, रस्ता ओलांडायचा तेवढाच, तरीही. नऊ वाजता नाना "निघतो" म्हणाले आणि समोरून खट् ऐकू आलं. त्या तीस फुटांत त्यांनी दुसरा कसा टाकला, देव जाणे.

काकू दहा वाजता बसून म्हणाल्या, "बरं, निघते आता." सव्वादहाला उभ्या राहिल्या. साडेदहाला एक बूट घातला. मी सहज खिडकीतून समोर पाहिलं. नानांच्या ड्राइव्ह-वेवर इम्पाला उभी, आतला दिवा चालू, काचांवर वाफ. गॅरेजचा रिमोट एकच आहे आणि तो काकूंच्या गाडीत असतो. घराची किल्ली पर्समध्ये. नाना आत बसून कागदी डब्यातला चिवडा खात होते.

"अगं हो," काकू दुसरा बूट हातात घेऊन माझ्या बायकोला म्हणाल्या, "ते अनारशाचं सांगायचंच राहिलं."