सावित्रीकाठचा भालेबहाद्दर

कोकणातील मत्स्यप्रेमी पुरुषांचे वर्गीकरण करू पाहणाऱ्यास गळवाले, पागवाले (पाग म्हणजे कडेने शिशाच्या गोळ्या ओवलेले, हवेत गोल फेकायचे जाळे) आणि नुसतेच खाणारे असे तीन वर्ग सहज सापडतात. तथापि महाड-पोलादपूरच्या बाजूला, विशेषतः वीरच्या पंचक्रोशीत, एक चौथा वर्गही आढळतो, ज्याचा मासा मारण्यापेक्षा मासा मारण्याच्या तयारीतच अधिक काळ जातो. त्यास येथे भालेबहाद्दर म्हटले आहे.

भालेबहाद्दर जन्माने गावचा आणि पोटापाण्याने डोंबिवलीचा असतो. कोकण रेल्वेचा रोहा-वीर टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला आणि २०२१ मध्ये दुहेरी झाला, त्यामुळे त्याची ये-जा पुष्कळच सुकर झाली असून, दिवा-सावंतवाडी गाडीतून वीरला उतरताना त्याच्या खांद्यावरची लांबट पिशवी पाहून सहप्रवासी तीत भजनी मंडळाची वीणा असावी असे समजतात व आदराने वाट देतात. पिशवीत प्रत्यक्षात ओमानमध्ये नोकरीला असलेल्या मामेभावाने आणून दिलेली मासेमारीची बंदूक असते: ॲल्युमिनियमचा दांडा, त्यावर ताणून बसवायचा जाड रबर आणि चाप ओढताच सुटणारा, दोरीला बांधलेला पोलादी बाण.

या हत्याराचे शास्त्र त्याने मोबाइलवरील चित्रफिती पाहून आत्मसात केलेले असते. त्या चित्रफितींत कॅलिफोर्निया किंवा टास्मानिया येथील तरुण लहान होडीतून मित्रांसह निघतात आणि केल्पच्या वनात, म्हणजे थंड समुद्रात खडकाला धरून झाडासारख्या उंच वाढणाऱ्या तपकिरी सागरी शैवालाच्या दाटीत, बुडी मारून मासे टिपतात. कोकणचा समुद्र उबदार असल्याने येथे केल्प उगवत नाही. ज्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे महाडात पूर येतो, तेच वारे ओमानच्या धोफर किनाऱ्यावर खोलातले थंड पाणी वर आणतात, म्हणून तेथे मात्र ते वाढते. केल्पच्या या वाटपात कोकणावर अन्याय झाला असल्याचे भालेबहाद्दराचे मत आहे.

मोहिमेसाठी तो दासगावजवळची खाडी निवडतो. होडी काकांची असते, म्हणजे ज्यांना सगळेच काका म्हणतात अशा एका वृद्ध नाखव्याची, आणि तीत मित्रमंडळ श्रमविभागणीच्या तत्त्वाने बसलेले असते: एक जण डालड्याच्या जुन्या डब्याने बुडाशी साचलेले पाणी उपसतो, दुसरा छायाचित्रे काढतो, आणि तिसरा हळद, मीठ, मसाला व आगळ बरोबर आणून, मासा मिळाला नाही तरी कालवणाची बाजू पक्की ठेवतो. भालेबहाद्दर नाळेवर उभा राहून डोळ्यांवर काच चढवतो, पायांत रबरी पंख अडकवतो आणि बराच वेळ पाण्याकडे पाहतो. पाणी भरती-ओहोटीने घुसळलेले, चिखलाच्या रंगाचे असून त्यात बुडवलेला हात कोपरापर्यंतही दिसत नाही.

"दादा, उतरा की," काका म्हणतात.

"पाणी गढूळ आहे, काका."

"गढूळ तर हायच. पण सुसरीला दिसतं."

या संवादातील सुसर ही काव्यकल्पना नव्हे. महाडच्या आसपास सावित्रीच्या पात्रात मगरींची वस्ती असून त्या काठावर ऊन खात पडलेल्या अनेकांनी पाहिल्या आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये मगरीला सर्वोच्च संरक्षण असल्याने तिच्यावर भाला उगारणे हा गुन्हा ठरतो. उलट दिशेने मात्र कायद्याने असा कोणताही निर्बंध घातलेला नाही. परिणामी पाण्याखाली चालवण्याचे हत्यार होडीतूनच चालवण्याचा निर्णय एकमताने होतो, आणि येथे प्रकाशाच्या वक्रीभवनाचा, म्हणजे पाण्यातून हवेत येताना किरण वाकण्याचा, प्रश्न उद्भवतो. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ असल्यामुळे सरळ वरून पाहणाऱ्यास चार फूट खोल असलेला मासा तीन फुटांवर भासतो, म्हणून नेम दिसतो त्याच्या खाली धरावा लागतो. भालेबहाद्दर हा सिद्धान्त मित्रांना सविस्तर समजावून सांगतो आणि नेम वरच धरतो. पाण्याखाली काचेतून पाहिल्यास मासा सुमारे एक तृतीयांश मोठा दिसतो, असेही शास्त्र आहे. भालेबहाद्दराच्या हातून सुटलेला मासा मात्र, पाण्यात न उतरताही, वीरच्या नाक्यावर पोहोचेपर्यंत दुप्पट झालेला असतो.

निर्मळ पाणी या तालुक्यांत नाही असे नाही, परंतु ते वरच्या अंगाला, पोलादपूरच्या दिशेने, उन्हाळ्यात उरलेल्या डोहांत असते, आणि तेथे होडी नेणे शक्य नसते. ज्या ठिकाणी निर्मळ पाणी आणि हातभर मासे एकत्र आढळतात, ते ठिकाण म्हणजे महाड तालुक्यातील वाळण कोंड. कोंड म्हणजे नदीपात्रातील खडकांनी वेढलेला खोल डोह. सावित्रीस मिळणाऱ्या काळ नदीवरील या कोंडातील महसीर मासे वरदायिनी देवीचे मानले जात असून त्यांना कोणी मारत नाही. भालेबहाद्दर तेथे सहकुटुंब जातो, कुरमुरे टाकतो, मुठीएवढी तोंडे पृष्ठभागावर उघडलेली पाहतो आणि डोळ्यांनीच नेम धरत उभा राहतो, तोच बायको "चला आता" म्हणते.

राहता राहिली वलगण. पहिल्या दमदार पावसानंतर मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत आणि भातखाचरांत चढतात, त्यास वलगण म्हणतात, आणि तेव्हा अख्खा गाव बत्ती, कोयते व टोपल्या घेऊन रात्री बाहेर पडतो. गुडघाभर पाण्यात, रबरी पंख घातलेल्या अवस्थेत, भालेबहाद्दराने सोडलेला बाण खाचराच्या बांधात हातभर रुततो. तो उपसताना बांध फुटतो आणि शेताचा मालक त्याच्या घराण्याचा पूर्वेतिहास मोठ्याने सांगू लागतो. त्याच वेळी वाडीवरचा एक दहा वर्षांचा पोरगा छत्रीची काडी आणि सायकलच्या ट्यूबचा रबर एवढ्या सामग्रीवर दोन मरळ मारून घरी गेलेला असतो. भालेबहाद्दर दुसऱ्या दिवशी महाडच्या बाजारातून मासे घेतो, ते कापू न देता अख्खेच मागतो, आणि त्यांच्या अंगावर भाल्याची खूण कशी नाही या प्रश्नास नेम तोंडातून गेल्याचे उत्तर देतो.

तरीही या वर्गाची नुसती चेष्टा करणे शास्त्रीय दृष्ट्या एकांगी ठरेल. ओढ्यात ब्लीचिंग पावडर ओतणारे, डोहात जिलेटिनच्या कांड्या फोडणारे आणि विजेच्या तारा सोडणारे लोक हत्यारांची चर्चा करत नाहीत, छायाचित्रे काढत नाहीत आणि अंडी, पिल्ले यांसह डोहच्या डोह रिकामे करून निघून जातात. त्यांच्याशी तुलना करता सावित्रीच्या मत्स्यसृष्टीस भालेबहाद्दराइतका निरुपद्रवी शिकारी लाभणे कठीण. तेव्हा यंदा वलगणीला गावी जाणाऱ्यांनी ओढ्याच्या तोंडाशी आडवे जाळे लावून सगळी वाट अडवू नये आणि गाभोळीने, म्हणजे अंड्यांनी, पोट फुगलेला मासा हाती आला तर तो वर जाऊ द्यावा. भालेबहाद्दरांनी मात्र बंदुकीसह खुशाल यावे, फक्त बांधापासून दूर उभे राहावे.