डागांची वही

काशीतल्या मंगला गौरीला साक्षात सूर्यानं तप केलं, असं काशीखंडात म्हटलंय. त्यानं स्थापलेला गभस्तीश्वर अजून देवीच्या सोबतीला आहे. तप संपल्यावर मात्र सूर्य आमच्या गल्लीत पुन्हा फिरकलेला दिसत नाही. पंचगंगा घाटाच्या वरच्या या गल्ल्या इतक्या अरुंद, की भरदुपारीसुद्धा सुईत दोरा ओवायचा तर गच्ची गाठावी लागते. आणि गच्चीवर माकडं. त्यामुळे आजीच्या एका हातात भरतकामाची रिंग आणि दुसऱ्या हातात काठी असायची. मग सुई कुठल्या हातात, हे कोडं काशीतल्या पंडितांनाही सुटलं नसतं.

बनारस हे तसं जरीचं शहर. इथल्या ब्रोकेडला आणि साड्यांना 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं. लल्लापुऱ्यातले जरदोजीचे कारागीर अड्ड्यावर कापड ताणून परदेशी सैन्यांचे बिल्लेसुद्धा भरून देतात. आजीवर या कशाचा परिणाम नव्हता. "ते पोटासाठी करतात, त्यांना काम संपवावंच लागतं," असं ती म्हणायची. तिच्या हौसेला असली सक्ती नव्हती. माझ्या मुंजीसाठी म्हणून टेबलक्लॉथवर घेतलेला मोर माझ्या लग्नात नुकता पिसारा फुलवायच्या बेतात होता.

पण टाक्यांच्या बाबतीत ती न्यायाधीश होती. मुलगी बघायला गेलं की मुलीनं भरलेले रुमाल-टेबलक्लॉथ मांडून ठेवायची तेव्हा पद्धत होती. बाकीची मंडळी दुसुतीवरच्या फुली टाक्याचं, साखळीचं, गहू टाक्याचं कौतुक करत पोहे संपवायची. आजी मात्र कापड उलटं करायची. सुलट बाजूला गुलाब आणि उलट बाजूला गाठींचं रान दिसलं, की घरी येऊन निकाल लागायचा : "पत्रिका जुळते, पण पाठ जुळत नाही." माझ्या आईच्या रुमालाची पाठ स्वच्छ निघाली, म्हणून मी हा लेख लिहू शकतोय.

आमच्या घरात उघडी वस्तू नव्हती. रेडिओला झालर, पाण्याच्या तांब्याला मणी लावलेली जाळी, बाजाच्या पेटीला वेलबुट्टी. भरलेलं काही वापरायचं मात्र नाही. उशांच्या अभ्र्यांवर काश्मिरी टाक्यात सुबक अक्षरांत 'शुभ रात्री' लिहिलेलं असे. त्यावर डोकं टेकणाऱ्याची रात्र शुभ जाईलच, याची खात्री कुणी द्यावी?

गंमत अशी, की आमचं घर उपाध्यांचं. महाराष्ट्रातून आलेले यात्रेकरू आमच्याकडे उतरायचे. आजोबा त्यांची नावं, गावं, वाडवडील वहीत लिहून घ्यायचे आणि खाली त्यांची सही. त्या वहीचा आजोबांना फार अभिमान. पण समांतर नोंद आजीच्या डोक्यात चालायची. दमलेला पाहुणा नेमकी भरतकामाची उशी ओढायचा आणि सकाळी अभ्र्यावर तेलाचं वर्तुळ उमटायचं. आजी त्यावरून माणूस सांगायची. खोबरेल म्हणजे कोकणातले. माक्याचं तेल म्हणजे पुण्याकडचे, वैद्यावर विश्वास असणारे. वास नसलेला डाग म्हणजे टक्कल. त्याचं तिला विशेष वाईट वाटायचं, कारण तेवढं तेल लावून उपयोग काय झाला?

एकदा वाईकडचे एक गृहस्थ आले. आपले आजोबा इथे आले होते, त्यांची सही बघायची होती. आजोबांनी दोन तास वह्या उपसल्या. वाळवीनं नेमकं तेच पान खाल्लेलं. गृहस्थांचा चेहरा उतरला. एवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "वाईचे ना? गुलाबाचा अभ्रा, डावी उशी."

आजीनं ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्या बाजूला सारून अभ्रा काढला. 'शुभ रात्री'मधल्या 'रा'वर जुना, पिवळट डाग. "हे तुमचे आजोबा," ती म्हणाली. तिचा हेतू तक्रारीचा होता. पण गृहस्थांना भरून आलं. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी दोन्ही हातांनी अभ्रा उचलला आणि भक्तिभावानं कपाळाला लावला.

त्यांनी सकाळीच गंगेत बुड्या मारून डोक्याला सढळ हातानं तेल चोपडलं होतं.

आता त्या अभ्र्यावर आजोबा 'रा'वर आहेत आणि नातू 'त्री'वर.