सर्वशक्तिमानाला अडवायचं कसं?

सुपरमॅनपेक्षा दया येते ती त्याच्या लेखकांची. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी त्याला जन्माला घातलं तेव्हा गडी उडतसुद्धा नव्हता. फर्लांगभर उडी मारायचा, एवढंच. पुढे जो आला त्याने त्याच्या पदरात एकेक शक्ती टाकली आणि मग सगळेच डोक्याला हात लावून बसले.

१९४० मध्ये ‘लुक’ मासिकात त्याने हिटलर आणि स्टालिनची गचांडी धरून दोघांना जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे उभं केलं. दोन पानांत महायुद्ध खलास! मग अमेरिका खरोखरच युद्धात उतरल्यावर हा घरी का? तर वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेत क्लार्क केंट सैन्यभरतीच्या नेत्रतपासणीत नापास झाला. उत्साहाच्या भरात त्याची क्ष-किरण नजर भिंतीपार गेली आणि पठ्ठ्याने शेजारच्या खोलीतला तक्ता वाचून दाखवला. भल्याभल्या खलनायकांना जमलं नाही ते त्या तक्त्याने केलं.

क्रिप्टोनाइट हा तर लेखकांचा हक्काचा दगड. हिरव्याने अशक्तपणा येतो. लाल काय करील याचा नेम नाही. म्हणजे अंक छपाईला जाईपर्यंत लेखकाला जे सुचेल ते. एकदा सुपरमॅनला चक्क मुंगीचं डोकं आलं! १९७१ मध्ये लेखक डेनी ओ’नील यांनी पृथ्वीवरचं क्रिप्टोनाइट निकामी केलं, सुपरमॅनची शक्तीही छाटली. पुढच्यांनी दोन्ही गुपचूप परत आणलं.

१९९२ मध्ये तर त्याला ठारच मारलं. अंक लाखांनी खपले. वर्षभरात स्वारी हजर, मानेवर केस वाढवून.