गुडघ्यांचं हेल्मेट : वापराच्या सूचना

अनेकांची अक्कल गुडघ्यात असते, हे आपण वाडवडिलांपासून ऐकत आलो. तरीही हेल्मेटची सक्ती डोक्यालाच. ही विसंगती दूर व्हावी म्हणून हे मार्गदर्शन.

आधी नावं नीट समजून घ्या. औषधाच्या दुकानात मिळते ती नी-कॅप. ती गुडघा आवळून धरते, ऊब देते. आपटण्यापासून वाचवत नाही. आपटायचंच असेल तर नी-पॅड घ्या, ज्यात जाड फोम किंवा जेल असतं आणि वर कधी प्लास्टिकची वाटी. हा फरक न कळलेले लोक नी-कॅप घालून स्केटिंगला जातात. परत येतात तेव्हा त्यांना नी-कॅपची खरोखरच गरज असते.

माप घेताना टेप गुडघ्याच्या वाटीवरून गोल फिरवा. पोट आत ओढायची गरज नाही. सवयीनं सगळेच ओढतात.

कबड्डीवाल्यांना समजावण्याच्या भानगडीत पडू नका. मॅटवर खेळणारी पोरं पॅड घालतातही, पण मातीवर ढोपरं सोलवटून घेतलेले त्यांचे काका खपलीलाच पदक मानतात.

आता कामाचं. सतत गुडघे टेकणाऱ्यांच्या वाटीपुढची पातळ पिशवी पाणी धरून फुगते. इंग्रजीत या दुखण्याला ‘हाउसमेड्स नी’, म्हणजे मोलकरणीचा गुडघा म्हणतात. दुखण्याला तिचं नाव मिळालं. तिला पॅड मिळालं की नाही, कुणी विचारलं नाही. युरोपात मात्र यासाठी ‘ईएन १४४०४’ नावाचं मानक आहे. पहिला प्रकार पायाला पट्ट्यांनी बांधायचा, दुसरा पँटच्या गुडघ्यावरल्या खिशात सरकवायचा, तिसरा कुठंही न बांधता जमिनीवर अंथरायचा. चौथ्यात गुडघे टेकायचं अख्खं उपकरणच येतं. ते सोडून देऊ. तिसऱ्याला आपल्याकडे गोणपाट म्हणतात.

मागच्या उन्हाळ्यात बाथरूमची फरशी बदलताना मी पहिल्या प्रकारचे पॅड मागवले. फरशी मी बसवणार नव्हतो, देखरेख करणार होतो. कारागीर तिसऱ्या प्रकारावर, म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोणीच्या चौपदरी घडीवर टेकून रबरी हातोडीनं फरशी ठोकत होता. आवाज पोकळ आला की फरशी उचलायची, खाली माल भरायचा, पुन्हा ठोकायची. माझ्या पायांकडे बघून म्हणाला, “साहेब, पडलात का कुठं?”

मी ओशाळून पॅड त्यालाच दिले. त्यानं तासभर घातले, मग सोडून आतली वाळू झटकली. “चांगलेत, पण पट्टा पोटरीला काचतो. सारखं ऊठबस करायची म्हटल्यावर नाय जमत.” दुपारी डबा खाल्ल्यावर दोन्ही पॅड एकावर एक रचून उशाला घेतले आणि गाढ झोपला. हा प्रकार मानकात नाही.

शेवटी निगा. धुण्याआधी वेल्क्रो चिकटवून टाका, नाहीतर मशीनमध्ये ते घरच्यांच्या ओढण्या धरून बसतं. पॅडला घामाचा वास राहतो म्हणतात. माझ्या पॅडना अजून खोबरेल तेलाचा येतो.